चौकटीवरचा आकडा

दुपारी गाव सुस्तावलेलं असताना एखाद्या जुन्या घराची चौकट जरा निवांत बघावी. एकाच दारावर तीन-चार आकडे, आणि एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. गणेशपट्टीच्या बाजूला दोन खिळ्यांनी ठोकलेला पत्रा, घर क्र. २१४. शेजारी चुन्याच्या हातातून वाचलेला गेरूतला ८७(२), तो २०११ च्या जनगणनेचा. खाली खडूने इंग्रजी पी, तारीख आणि बाण, ती पोलिओवाल्यांची खूण. पी म्हणजे घरातली पाच वर्षांखालची सगळी पोरं डोस प्यायली. एखादं आजोळी गेलेलं असलं तर फुली, म्हणजे टीम पुन्हा येणार. खडू पहिल्या पावसात जातो, गेरू दिवाळीच्या रंगरंगोटीत. पत्रा तेवढा टिकतो, कारण घरपट्टी त्याच्यावर निघते.

खरं तर गावात या आकड्याला विचारतो कोण? पत्त्यात मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा एवढं आलं की संपलं. पोस्टमनला आडनाव पुरतं. एकाच आडनावाची चाळीस घरं असली तर बापाचं नाव, आणि तेही जुळलं तर लोकांनी पाडलेलं नाव. नंबर लागतो तो ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे कर आकारणी नोंदवहीला. वीजमीटर, घरकुल, कर्जप्रकरण, सगळीकडे 'आठचा उतारा आणा' म्हणतात, आणि निम्मी माणसं तलाठ्याकडून ८-अ घेऊन येतात. तो शेतीच्या खात्याचा. घराचा आठ ग्रामसेवकाकडे. पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं असलं तरी लोकांच्या तोंडी ग्रामसेवकच आहे.

नंबर पडतो तो असा. ग्रामसेवक, शिपाई, एखादा सदस्य आणि टेप अशी वरात निघते. सुरुवात बहुधा वेशीपासून, मारुतीपासून किंवा चावडीपासून. एक हात धरून गल्ली संपवायची, मग दुसऱ्या हाताने परत यायचं. लांबी-रुंदी घ्यायची, बांधकाम कशाचं ते लिहायचं: झोपडी किंवा माती, दगड-विटा आणि माती, दगड-विटा आणि चुना-सिमेंट, नाहीतर आरसीसी. मोकळ्या जागेलाही कर आहे, म्हणून तिलाही नंबर. मालकाचा रकाना वेगळा, भोगवटादाराचा वेगळा. २०१५ च्या सुधारित नियमांपासून रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या बाजारभावाचा दर, बांधकामाच्या वयाप्रमाणे घसारा आणि वापराचा भारांक लावून भांडवली मूल्य काढतात. त्यावर घरपट्टी, जोडीला दिवाबत्ती आणि आरोग्य कर. दर चार वर्षांनी फेरआकारणी. यादी फलकावर लागली की हरकती येतात, त्या मात्र नंबराबद्दल नसतात, पट्टीबद्दल असतात. पडवी धरली, गोठाही धरला, वगैरे.

घोळ होतो तो दोन घरांच्या मधे तिसरं उभं राहिलं की. पुढचे सगळे नंबर सरकवायचे तर अख्खं दप्तर सरकतं, ते कोण करतो? मग २१४ च्या पोटी २१४/१ जन्मतो. भावांच्या वाटण्या झाल्या की २१४ अ आणि ब. मधल्या भिंतीवरून कोर्टात गेले तर अ कोण आणि ब कोण, यावरही वाद घालता येतो. ज्या घराची नुसती जोती उरली, त्याचा नंबर दप्तरात तसाच जिवंत असतो, नावावर थकबाकी घेऊन. मळ्यातली वस्ती शेवटी मोजली जाते, म्हणून ४१२ आणि ४१३ यांच्यामध्ये ओढा आणि दोन ऊसाची शेतं येतात.

जनगणनेने हे दुखणं आधीच ओळखलं होतं. मोजणी वायव्येकडून आग्नेयेकडे, दहा आणि अकराच्या मधे नवी इमारत निघाली तर १०/१, आणि एकाच इमारतीतली वेगवेगळी घरं १०(१), १०(२). तिरकी रेघ आणि कंस यांत एवढा अर्थ भरलेला, आणि दारावर रंगवणारा दोन्ही सारखेच काढतो. मतदार यादीचा तर विषयच नको. घर क्रमांकापुढे शून्य, नाहीतर नुसती रेघ.

२४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना आली. गावठाणात चुन्याच्या फक्कीने हद्दी आखल्या, वरून ड्रोन फिरला, मिळकत पत्रिका, म्हणजे जागेच्या मालकीचे कागद निघाले. त्या पत्रिकांवर आणखी एक नंबर. नमुना ८ मालकीचा पुरावा नाही, हे वर्षानुवर्षं सांगून कोणाला पटलं नव्हतं. पत्रिका हातात आल्यावर थोडं पटलं. पण पत्रा कोणी काढला नाही. उलट मधूनमधून कंत्राटदार नवे पत्रे घेऊन येतो, त्यावर स्वच्छतेचा संदेश मोठा आणि नंबर बारीक. काही गावांत पाटीवर लेकीचं नाव असतं, ते वाचायला बरं वाटतं.

आणि एक गोष्ट नोंदवही पहिल्या पानापासून चाळली तरच दिसते. मोजणी वेशीपासून सुरू झाली की सुरुवातीच्या आकड्यांत वाडे येतात. वेशीबाहेरची वस्ती अनेक गावांत शेवटच्या पानांवर असते, कारण वरात तिथे शेवटी पोचते. डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा सरकारी निर्णय झाला, आणि गल्लीच्या रकान्यात समतानगर, भीमनगर अशी नावं चढली. नंबरांचा क्रम त्या निर्णयात नव्हता. पुढच्या फेरआकारणीला टेप दुसऱ्या टोकाकडून धरला तरी घरपट्टीत एका रुपयाचाही फरक पडणार नाही.