चापडगावचं हळदीकुंकू

जानेवारीतली पहाट. निफाडकडचे ऊस आणि द्राक्षबागा मागे टाकत नांदूर मध्यमेश्वरला पोचलो. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचं हे पाणी म्हणजे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. चापडगावच्या मनोऱ्यापाशी गाईडदादा हळूच म्हणाले, "ताई, हळदीकुंकू बघा."

मी काठावरच्या गवतात शोधायला लागले. आजीच्या परसात, सांडपाण्याच्या पाटाकडेला हळदीकुंकू आपोआप उगवायचं. लाल-पिवळ्या फुलांचं झुडूप.

"तिकडं न्हाई, पाण्यात. लव्हाळ्यापुढं बदकांची जोडी बसलीय."

दुर्बिणीत आधी चोचच आली. काळी कुळकुळीत, पण टोक असं पिवळं, की हळदीत बोट बुडवावं. चोच कपाळाला मिळते तिथे दोन्ही बाजूंना लाल ठिपका. बाकी अंग तपकिरी, खवल्याखवल्यांचं. एकाने पंख झटकला तेव्हा हिरवा पट्टा लखकन चमकला. थापटे, तलवार बदकं उन्हाळ्याआधी उत्तरेला परततील. ही जोडी मात्र इथलीच, बारमाही. 'स्पॉट-बिल्ड डक' या इंग्रजी नावात नुसताच ठिपका आहे. आपल्याकडे कुणीतरी चोचीवरचे दोन्ही रंग पाहिले आणि थेट करंड्यातलं नाव दिलं. मला हे नाव फार आवडतं, ते पुसलं जाऊ नये असं मनापासून वाटतं.

परतताना कालव्याच्या कडेला माझंही हळदीकुंकू सापडलं. गुडघ्याएवढं झुडूप, शेंड्यावर फुलांचा झुबका. कुंकवाच्या रंगाच्या पाकळ्या खाली दुमडलेल्या आणि मधोमध हळदीचा पिवळा मुकुट. हे झाड मूळचं अमेरिकेतलं. शास्त्रीय नावातलं 'कुरासाविका' कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावरून आलंय. इतक्या लांबून आलेल्या झाडाला आपल्या बायकांनी सवाष्णीचं नाव देऊन घरात घेतलं! पान खुडलं की पांढरा चीक येतो, तो विषारी. डोळ्यांना हात लावायचा नाही, हे आजीने बजावलेलं. प्लेन टायगर फुलपाखराच्या अळीला मात्र तोच पाला लागतो. एक होतीच पानाखाली. काळे-पांढरे पट्टे, त्यात पिवळे ठिपके, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. कुरतडत होती, मान वर न करता.

"आमी हिला काकतुंडी म्हणतो," दादा म्हणाले आणि झुडपाची एक शेंग तोडून माझ्या तळहातावर ठेवली. फुगीर, टोकाला निमुळती. हुबेहूब कावळ्याची चोच.