आमची वाटचाल : ओतायच्या वेळी मालक शेडमध्येच

कोल्हापूरच्या उद्यमनगरात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भाड्याच्या शेडमध्ये लोखंडाचं ओतकाम सुरू केलं तेव्हा ऑइल इंजिनांची चलती होती. अण्णा मूळचे मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे भरणारे. मालक झाले तरी वाळू मुठीत दाबून बघितल्याशिवाय साचा भरू द्यायचे नाहीत. बोटांचे ठसे नीट उठले आणि गोळा मधोमध स्वच्छ तुटला, की वाळू जमली. पुढे शिरोलीच्या एमआयडीसीत आलो. कपोला, म्हणजे कोकवरची भट्टी, जाऊन विजेवरची इंडक्शन भट्टी आली, वाळूतली ओल मोजायला लॅब झाली. ओल साधारण ३ ते ४ टक्के लागते. मूठ मात्र अजून चालू आहे, कारण लॅबचा आकडा येईस्तोवर चार साचे भरून झालेले असतात.

धंदा वाढला तसा माझा दिवस कोटेशन, बँक आणि ग्राहकांच्या ऑडिटमध्ये जायला लागला. तरी एक पथ्य पाळलं : लोखंड ओततात तेव्हा मी शेडमध्ये, फोन ऑफिसात.

पंपबॉडीच्या एका ऑर्डरमध्ये रिजेक्शन वाढलं. तक्त्यात कारण ‘कोल्ड शट’. साच्यात दोन बाजूंनी आलेलं लोखंड एकजीव झालं नाही, की जोडावर रेघ राहते. म्हणजे लोखंड गार पडतंय. मीटिंगमध्ये भट्टीचं तापमान वाढवायचं जवळजवळ ठरलंच होतं. त्यात वीज जास्त जाते आणि भट्टीचं अस्तरही लवकर झिजतं. मी लॅडलच्या, म्हणजे वितळलेलं लोखंड न्यायच्या भांड्याच्या, मागून चालत गेलो. १४०० अंशांच्या आसपासचं लोखंड घेऊन दोघं ट्रॉली ढकलत होते. शेवटच्या रांगेआधी जमीन खचलेली. लोखंड डचमळू नये म्हणून ते तिथं थांबायचे, चाक अलगद उतरवायचे, मग पुन्हा चढवायचे. खराब माल नेमका त्याच रांगेतला. मोल्डरनं हे सुपरवायझरच्या कानावर घातलं होतं. त्यानंही मेंटेनन्सच्या वहीत लिहिलं होतं, ‘जमीन दुरुस्ती’, नळाच्या वायसरच्या खाली. कामचुकारपणा कुणाचाच नव्हता. वहीत जमीन, तक्त्यात कोल्ड शट. दोन्हींचा संबंध ट्रॉलीमागं चालणाऱ्यालाच दिसला असता. तेवढा पट्टा काँक्रीट केला, तापमान होतं तेच ठेवलं.

(उभं राहायचं म्हणजे हुकूम सोडत फिरायचं नाही. मालक मध्ये बोलला की फोरमनचं वजन जातं. मला काही सांगायचं असेल तर ओतणं संपल्यावर, त्याच्याचमार्फत.)

आता गोकुळ शिरगावला दुसरी शेड सुरू झाली. मुलगी इंजिनिअर होऊन आली, तिला आधी फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, लावली. ग्राइंडरखाली आलेला माल बघितला की साच्यात काय चुकलं ते कळतं. शिवाय तिथली धूळ खाल्ल्यावर डस्ट कलेक्टरच्या खर्चावर तिनं घासाघीस केली नाही! दोन्ही शेडच्या ओतायच्या वेळा आम्ही वेगळ्या ठेवल्यात, एकीकडं सकाळी, दुसरीकडं दुपारनंतर. त्यामुळं जेवणाच्या वेळेचा पत्ता नसतो, ही घरची तक्रार खरी आहे.