धंद्याचं ठिकाण : आज मंचर, उद्या ओतूर

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी बचत गटांच्या मेळाव्यांत हिशेब शिकवायला जाते. तिथे कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, करमणुकीच्या धंद्यात नाव काढलेली बाई म्हणून कुणाचं उदाहरण द्याल?" विचारणारीला बहुतेक टीव्हीवरचं नाव हवं असतं, एकता कपूरचं चालतं. मी कांताबाई सातारकर म्हणते. मग जराशी चुळबुळ. एकदा एकीनं आवाज खाली आणून विचारलं, "म्हणजे तमाशातल्या?" हो, तमाशातल्या. म्हणून आज सविस्तर सांगते.

कांताबाईंचा जन्म १९३९चा, गुजरातेतला. आईवडील दगडाच्या खाणीवर राबणारे. पुढे कुटुंब साताऱ्याला आलं आणि त्या सातारकर झाल्या. तुकाराम खेडकरांच्या फडात, म्हणजे तमाशाच्या संचात, त्या गाजल्या, त्यांच्याशीच संसार मांडला. १९६४ साली खेडकर गेले आणि मुलांना घेऊन त्यांना त्या फडातून बाहेर पडावं लागलं. १९६९ला त्यांनी स्वतःचा फड काढला, ठाणं संगमनेर. बोर्डावर, म्हणजे रंगमंचावर, त्या शिवाजी महाराजांची भूमिका करायच्या, त्याबद्दल लोक भरभरून बोलतात. माझं मन मात्र कनातीच्या मागे जातं. सवयीचा दोष म्हणा.

मोठ्या फडात शंभरावर माणसं असतात. नाचणाऱ्या मुली, सोंगाड्या, ढोलकीवाला, वगातले नट, आचारी, ड्रायव्हर, तंबू ठोकणारे बिगारी. दसऱ्याच्या सुमाराला फड बाहेर पडतो तो वैशाखातल्या जत्रा आटोपेपर्यंत परतत नाही. दुपारी तंबू ठोका, रात्री खेळ, पहाटे तंबू उतरवा आणि ट्रक पुढच्या गावाला. आधीचे महिने तिकिटावर, म्हणजे गल्ला आभाळाच्या मर्जीवर. अवकाळी कोसळला तर त्या रात्री आवक शून्य, पण शंभर ताटं वाढावीच लागतात. फड तरतो तो चैत्रावर. पाडव्याच्या आधी नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावची यात्रा कमिटी येऊन बसते, घासाघीस होते आणि जत्रेची सुपारी ठरते. आमच्या वडिलांबरोबर मी लहानपणी एकदा गेले होते. बाहेर खुर्चीवर मॅनेजर बोलत होता, पण आकडा ठरायची वेळ आली की उठून आत जाऊन यायचा. आत कोण बसलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं.

खरी मेख उचलीत आहे. हंगाम सुरू व्हायच्या आधी कलावंतांना उचल द्यावी लागते. पावसाळ्यात चूल पेटती ठेवायला, आजारपणाला, मुलीच्या लग्नाला. ती मग हंगामभर कामातून फिटत जाते. म्हणजे मालकिणीनं आधी द्यायचं आणि मग कमवायचं. द्यायला पैसा येतो सावकाराकडून. एखादी नाचणारीण उचल घेऊन दुसऱ्या फडात गेली की पैसाही गेला आणि ऐन हंगामात माणूसही गेलं. कुणाला किती द्यायची, कोण फेडणार, कोण बुडवणार, हे सगळं तोंड बघून ठरवायचं. आम्ही बँकेत हेच करत होतो. फरक इतकाच, आमच्याकडे तारण असायचं.

तमाशातल्याच विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. दिवस भरलेले, खेळ चालू, कळा सुरू झाल्या. त्या मागे जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, असं सांगतात. सांगणारे हिमतीची गोष्ट म्हणून सांगतात. मला मात्र दर वेळी वाटतं, त्या रात्री खेळ मोडला असता तर लोकांचे पैसे कुणी परत केले असते? १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींकडून गौरव झालेली ही बाई २००२ साली हलाखीत गेली. दवाखान्याचं बिल लोकांच्या देणग्यांतून भागलं. आता राज्य सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. कांताबाईंनाही तो मिळाला. विठाबाईंच्या लेकीनं, मंगला बनसोडे यांनीही स्वतःचा फड काढला आणि गाजवला. त्यांच्या फडाच्या नावात मुलगा नितीनकुमार, कांताबाईंच्या फडाच्या नावात मुलगा रघुवीर. 'अँड सन्स' अशा पाट्या लावणाऱ्या पेढ्यांनी एकदा या पाट्याही बघाव्यात.

आणि मग २०२०. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता. टाळेबंदी लागली तीही त्याच दिवशी. दसऱ्याला दिलेली उचल अंगावर, सावकाराचं व्याज चालू, आणि अख्खा चैत्र गेला. पुढच्या वर्षी मे महिन्यात कांताबाई कोरोनानं गेल्या.

यावर कुणीतरी दुसरा प्रश्न विचारतंच, "एवढा मोठा धंदा, मग बँका कर्ज का देत नाहीत?" याचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते मला फारसं आवडत नाही.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका शाखेत असताना एक फडमालकीण आली होती. नाव सांगत नाही, बँकेचंही नाही. काठापदराचं लुगडं, हातात कापडी पिशवी. अर्ज मीच भरायला घेतला. नाव, वय, शिक्षण. मग चौकट आली, 'व्यवसायाचे ठिकाण'. मी विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहा, आज मंचर. उद्या ओतूर. परवाचं अजून ठरायचंय." मी हसले, त्याही हसल्या.

साहेबांनी अर्ज दोन मिनिटांत परत पाठवला. ठिकाण नाही, तारण नाही. मी बाहेर येऊन सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. पिशवीतून उचलीची वही काढून माझ्यासमोर धरली. नाव, रक्कम, अंगठा; नाव, रक्कम, अंगठा. एका नावापुढे सलग कित्येक हंगाम तीच रक्कम आणि फेडीचा रकाना कोरा. मी बोट ठेवलं.

"ही नाही का फेडत?"

"गुडघे गेले तिचे. आता नाचत नाही, चहा करती."

"मग उचल?"

"मग काय मॅडम, चहा नको का लागत फडाला?"

वही पिशवीत टाकून त्या उठल्या. ओतूरच्या एसटीला अर्धा तास होता, पण त्या थांबल्या नाहीत. बाहेर ट्रक उभा होता.