पंगतीत राखलेली जागा

पैठणहून पंढरपूरला जाणाऱ्या संत एकनाथ महाराजांच्या पालखीबरोबर परांड्यापर्यंत चालण्याचा योग मला शाळेतून निवृत्त झाल्यावर आला. मी जालन्याची ख्रिस्ती. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ वसवलेल्या बेथेल गावाच्या गोष्टी ऐकत आमच्या घरातल्या पिढ्या वाढल्या. माझ्यासोबत अनेक वर्षे एकाच शाळेत शिकवणाऱ्या एक बाई नेमाने ही वारी करतात. त्यांच्याच दिंडीत मी नाव दिले.

निघण्यापूर्वी आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, दोघा-तिघांनी काळजीने विचारले, की तिथले जेवण नैवेद्य दाखवलेले असणार, ते तुम्हाला कसे चालेल? प्रश्न खरा होता. प्राचीन ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीपुढेही तो होता, आणि येशूचा प्रेषित पौल याने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातले जवळजवळ तीन अध्याय त्यासाठी खर्ची घातले आहेत. अन्नामुळे कोणी देवाच्या जवळ जात नाही की दूर होत नाही, पृथ्वी आणि तिच्यातले सारे प्रभूचेच आहे, मात्र तुमच्या खाण्याने दुसऱ्या भावाला ठेच लागणार नाही एवढे पाहा, असा त्याच्या सांगण्याचा गाभा. मी दिंडीप्रमुखांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले, की मी ख्रिस्ती आहे, नैवेद्याच्या वेळी मी हात जोडणार नाही. ते म्हणाले, "तुमचा देव तुमच्याजवळ असू द्या, बाई. पंगत तेवढी चुकवू नका." त्या दिवसापासून मी स्वयंपाकाच्या राहुटीत भाकरी थापायला बसू लागले आणि माझी प्रार्थनाही परातीपाशीच होऊ लागली. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" हे शब्द मी बालपणापासून म्हणत आले आहे, पण ज्वारीच्या पिठाने मनगटापर्यंत भरलेल्या हातांनी ते म्हणण्याची माझी पहिलीच वेळ होती. मराठी बायबलने तिथे 'भाकर' हा शब्द घेतला, याबद्दल त्या भाषांतरकारांचे मला मनापासून आभार मानावेसे वाटतात.

पाटोद्याच्या अलीकडे एका दुपारी आमची पंगत शेताच्या बांधाजवळ, लिंबाच्या सावलीत बसली. पाऊस लांबला होता आणि ज्येष्ठातले ऊन अंगाची लाही करत होते. आधी पत्रावळीवर मीठ आले, मग ठेचा, मग पिठले आणि भाकरी. वाढप पूर्ण होऊन 'पुंडलिक वरदे'चा गजर झाल्याशिवाय कोणी घास मोडत नाही, हे मला एव्हाना ठाऊक झाले होते. त्या दिवशी गजर मात्र होईना. माझ्या शेजारची एक जागा रिकामी होती आणि तिच्यापुढची पत्रावळ वाढून तयार होती. आमच्यातल्या एका आजींच्या टाचेला फोड आला होता, त्या मागे राहिल्या होत्या आणि दिंडीतली दोन मुले त्यांना आणायला गेली होती. पिठल्यावर साय धरू लागली. समोरच्या एका लहानग्याने भाकरीकडे हात नेला, तेव्हा त्याच्या आईने काही न बोलता त्या हातावर आपला हात ठेवला. बऱ्याच वेळाने आजी लंगडत आल्या. कोणीतरी त्यांच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतले. "सुरू करायचं की रं, माझ्यापायी कशाला खोळंबलात?" असे पुटपुटत त्या माझ्याजवळ टेकल्या, आणि मग गजर झाला.

त्या क्षणी मला पौलाचेच वाक्य आठवले: तुम्ही भोजनास एकत्र जमता तेव्हा एकमेकांची वाट पाहा. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, उपासनेत आम्ही त्याच अध्यायातला आधीचा भाग वाचतो. ज्या रात्री प्रभूला धरून देण्यात आले, त्या रात्री त्याने भाकर घेतली, तो भाग. हे वाक्य त्याच्या काही ओळी पुढे आहे आणि आमचे वाचन सहसा तिथवर जात नाही. करिंथमध्ये प्रभुभोजन हे पोटभर जेवण होते. ज्यांना सवड होती ते आधी येऊन जेवून घेत. कष्टकरी आणि गुलाम उशिरा पोहोचत. एक भुकेला राही आणि दुसरा पिऊन तर्र होई. हे प्रभुभोजनच नव्हे, असे पौलाने त्यांना खडसावले. पुढे काळाच्या ओघात ते जेवण वेगळे पडले आणि वेदीपाशी भाकरीचा तुकडा व द्राक्षारसाचा घोट उरला. तो घोट मला प्राणाहून प्रिय आहे. परंतु वाट पाहण्याची ती आज्ञा आम्ही जेवणाबरोबरच बाजूला ठेवली, असे मला त्या बांधावर बसून वाटले.

पंगत कोणाची आणि तीत कोण बसणार, हा प्रश्न मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. माझ्या आजोबांना गावच्या कार्यात अंगणाबाहेर वेगळी पत्रावळ मिळत असे आणि पाणी वरून ओतले जाई. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर, जेवत होता. पण यरुशलेमेहून माणसे येताच भिऊन त्यांच्यातून उठला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर दोष दिला. पहिल्या शतकातला तो पंगतभेदच होता. पैठणात नाथांनी श्राद्धाचे अन्न भुकेल्या महार कुटुंबाला वाढल्याची कथा आमच्या दिंडीत एका मुक्कामी सांगितली गेली. ती ऐकताना मला आजोबा आठवले आणि येशूचे ते सांगणेही आठवले, की मेजवानी कराल तेव्हा दरिद्री, लंगडे, आंधळे यांना बोलवा. दोन्ही परंपरा एकच आहेत असे मी म्हणत नाही. माझा विश्वास ख्रिस्तावर आहे. पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर अनोळखी वाटसरूसारखा बरोबर चाललेल्या ज्याला दोघा शिष्यांनी पुढे भाकर मोडताना ओळखले, तो तोच आहे. त्या वाटेची गोष्ट पायी चालल्यावर अधिक कळते, एवढे मात्र म्हणेन.

घरी परतल्यावर मला स्वतःचीच एक चूक सलत राहिली. आमच्या मंडळीच्या प्रीतिभोजनाची व्यवस्था कितीतरी वर्षे माझ्याकडे होती. उपासना संपली की बारा वाजता मी वाढायला सांगत असे, आणि पाळीवरून येणाऱ्या परिचारिका किंवा रिक्षा लावून येणारे भाऊ पोहोचेपर्यंत पातेल्यात खरवड उरलेली असे. मी वेळ पाळते, याचे मला समाधान होते.

यंदाच्या कापणीच्या सणाला आम्ही खुर्च्या काढून जमिनीवर पट्ट्या अंथरल्या. सगळ्या पत्रावळी वाढून झाल्या, तरी चार जागा रिकाम्या होत्या. एका काकांनी घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि मांडी बदलून बसले. शेवटची मुलगी रुग्णालयाच्या पांढऱ्या पोशाखातच धावत आली, दाराशी चपला काढून तिने पंगतीकडे पाहिले आणि तिथेच थबकली. वरण निवले होते. कोणी हात लावला नव्हता.