तुम्ही विचारलंत म्हणून: स्लाइड्स किती असाव्यात?

"प्रेझेंटेशन द्यायचंय, स्लाइड्स किती करू?" हा प्रश्न मला सतत येतो. माझं म्हणणं एकच असतं: आधी लॅपटॉप बंद करा, उभे राहा आणि मोठ्याने बोलून बघा.

मनातल्या मनात वाचताना सगळं सुरळीत वाटतं. तेच तोंडाने म्हणायला गेलं की जीभ कुठे अडखळते, दम कुठे लागतो, कोणता मुद्दा आपल्यालाच नीट उमगलेला नाही, हे लगेच कळतं. एकदा मी लिहून ठेवलं होतं, 'प्रकल्पाच्या अंमलबजावणीतील विलंबाची कारणमीमांसा'. तीनदा म्हणून पाहिलं, तिन्ही वेळा अडखळले. चौथ्यांदा आपसूक तोंडून निघालं, 'काम का रखडलं ते सांगते.' तेच ठेवलं.

मग मोबाइलवर वेळ लावा. २० मिनिटं मिळणार असतील तर तालीम १६ मिनिटांत संपायला हवी. उरलेली मिनिटं माइक, उशिरा येणारी माणसं आणि मध्येच आलेले प्रश्न खातातच. काटछाट करताना जीव तुटतो, मान्य आहे. माझाही तुटतो. अशा वेळी मी स्वतःला विचारते, ऐकणाऱ्याने घरी जाऊन यातली एकच गोष्ट सांगितली, तर ती कोणती असावी? तिला धरून नसलेलं सगळं जातं.

सरावासाठी पेचाकुचाची रीत मला फार आवडते. २००३ साली टोकियोत ती सुरू झाली: २० स्लाइड्स, प्रत्येकीला २० सेकंद, एकूण ६ मिनिटं ४० सेकंद. स्लाइड आपोआप पुढे सरकते, त्यामुळे पाल्हाळाला जागाच उरत नाही.

सुरुवातीची दोन वाक्यं तेवढी तोंडपाठ करा, बाकी नको. पाठांतरात एक शब्द निसटला की पुढचं सगळं निसटतं. आणि हो, पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना 'बी'चं बटण दाबलं की पडदा काळा होतो. महत्त्वाचं सांगायच्या आधी दाबून बघा; सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे वळतात.

एका बैठकीत प्रोजेक्टर सुरूच झाला नाही. तालीम स्लाइड्सशिवाय केलेली असल्यामुळे मी बोलत गेले. फक्त खर्चाचे आकडे कोणीतरी विचारले, तेव्हा आठवेनात. तेव्हापासून मोजके आकडे लिहिलेली चिठ्ठी माझ्या हातात असते.