निकाल कुणाला सांगायचा?

"ताई, तपासायला सगळे येतात. काय निघालं ते सांगायला कुणी येत नाही."

इंदूरच्या एका वस्तीत आज मी तपासणीसाठी नळाचं पाणी बाटलीत भरत होते, तेव्हा एक मावशी हे म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. म्हणून जास्त लागलं.

त्यांचा पाइप नालीतूनच येतो. जोडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली, आणि तिच्यावरून काळं पाणी वाहतंय. नळाला पाणी असतं तेव्हा दाबामुळे त्या फटीतून ते बाहेर गळतं. पुरवठा बंद होऊन पाइप रिकामा व्हायला लागला की तीच फट नालीतलं पाणी आत ओढते. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून सुमारे ७० किलोमीटर येतं, शुद्ध होऊन, घाट चढून. आणि घराच्या दारात, शेवटच्या वीतभर पाइपात नासतं!

नळाच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. क्लोरीन असला की पाणी पिवळं करणारे तपासणीचे थेंब मी टाकले, पाणी पिवळं झालंच नाही. मावशींना तिथेच दाखवलं, उकळूनच प्या म्हटलं. शेजारच्या दोघी-तिघी आपापले तांबे घेऊन आल्या, "आमचंही बघा."

जंतूंच्या चाचणीची बाटली काळी पडते का, म्हणजे पाण्यात जंतू आहेत का, ते एक-दोन दिवसांत कळेल. तो निकाल मी स्वतः जाऊन सांगणार आहे. पाणी ज्यांच्या पोटात जातं, त्यांना सगळ्यात आधी कळायला हवं. अहवाल नंतर.

तुमच्या भागात पाण्याचे नमुने नेतात, त्यांचा निकाल तुम्हाला कधी कुणी सांगितलाय?