टँटलमच्या पट्ट्यांवर रंग: 10 ते 55 व्होल्ट

या फेरीत 0.1 मिमी जाडीच्या शुद्ध टँटलम या धातूच्या पत्र्याच्या पट्ट्या घेतल्या. प्रत्येकीचा द्रावणात बुडणारा भाग, दोन्ही बाजू धरून, 10 चौ. सेंमी. रंग बाहेरून काहीच लावायचा नाही. द्रावणातल्या पट्टीला वीज दिली की पृष्ठभागावर टँटलम पेंटॉक्साइडचा (टँटलम आणि ऑक्सिजनचा) पारदर्शक थर वाढतो आणि त्याच्या जाडीप्रमाणे व्यतिकरणातून, म्हणजे थराच्या वरून आणि तळातून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून, रंग दिसतो. दर व्होल्टला थर साधारण 1.8 नॅनोमीटर, म्हणून व्होल्टेज ठरलं की रंग ठरला.

तयारी: 400, 800, 1200 नंबरचे पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, मग अल्कोहोलने पुसणं. त्यानंतर बोट लागलं तर ठसा रंगात उमटतोच. कारखान्यात हायड्रोफ्लोरिक आम्लाने साफ करतात. घरी त्याच्या वाटेला जाऊ नका, हाडापर्यंत इजा करतं.

द्रावण: 1 लिटर डिस्टिल्ड पाण्यात 10 ग्रॅम सायट्रिक आम्ल. ऋण बाजूला स्टेनलेस पत्रा, धन बाजूला पट्टी. डीसी सप्लायवर करंट 10 मिलिअँपिअरला बांधला. 55 व्होल्टच्या वर मुद्दाम गेलो नाही. 60 च्या पुढचा डीसी ओल्या हातांना धोक्याचा. पट्टीला हात लावण्याआधी सप्लाय बंद.

10 व्होल्टला फिकट पिवळसर झाक, 20 ला तपकिरी सोनेरी, 28 च्या आसपास जांभळा, 35 ला गडद निळा, 50 च्या पुढे फिका, रुपेरी निळा. जांभळ्याकडून निळ्याकडे जाताना दोन-तीन व्होल्टसुद्धा डोळ्याला कळतात, तिथे घाई नको.

सगळ्यात उपयोगी तपासणी घड्याळाची. दर चौ. सेंमी.ला 1 मिलिअँपिअर असेल तर एक व्होल्ट चढायला जवळपास 3 सेकंद लागतात. 35 व्होल्टला पावणेदोन-दोन मिनिटं. व्होल्टेज अडकलं तर बहुतेक वेळा स्टीलची क्लिप द्रावणात बुडालेली असते. स्टीलवर असा रोधक थर धरत नाही, सगळा करंट तिथून गळतो आणि क्लिपही विरघळते. क्लिप पाण्याबाहेर ठेवा, किंवा पकड टँटलमच्याच तारेची करा.

दुसरी चूक महागाची: वायरी उलट्या लागल्या तर पट्टीवर हायड्रोजन सुटतो, तो धातूत शिरतो आणि एरवी हाताने वाकणारा पत्रा ठिसूळ होतो. घासून किंवा धुऊन तो निघत नाही. निर्वात भट्टीत तापवूनच काढावा लागतो.

टँटलम कपॅसिटरमध्ये (विद्युतभार साठवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागात) विद्युतरोधक म्हणून हाच थर काम करतो, फक्त दाबून-भाजून केलेल्या सच्छिद्र गोळीवर. एवढ्याशा तुकड्यात इतकी धारिता (भार साठवायची क्षमता) मावते, कारण गोळीच्या आतलं क्षेत्रफळ प्रचंड, थर पातळ आणि त्याचा परावैद्युतांक (जितका जास्त, तितका भार जास्त साठतो) 25 च्या पुढे.

पुढच्या फेरीत टँटलममध्ये 2.5 टक्के टंगस्टन असलेला मिश्रधातू. रासायनिक कारखान्यांतल्या उष्णता विनिमयकांत तो वापरतात: ताकद शुद्ध टँटलमपेक्षा जास्त, आम्लांना टिकणं जवळजवळ तसंच. भंगारातला तुकडा असेल तर आधी घनता मोजा. शुद्ध टँटलमची दर घन सेंमी.ला 16.6 ग्रॅमच्या आसपास येते, टंगस्टनवाल्याची जवळपास तेवढीच. 40 टक्के नायोबियम (दुसरा एक धातू) मिसळलेल्याची मात्र 12 च्या जवळ. त्या तुकड्याला वरचे आकडे लावू नका, त्याच्यासाठी 5-5 व्होल्टच्या पायऱ्यांची वेगळी पट्टी काढा.